गीझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो: व्होल्ट आणि अँपिअर मोजून दोष कुठे आहे ते शोधा

प्लगची एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन फुगलेलं, बोर्डाजवळ जळका वास. वायरमन येतो, नवा थ्री पिन प्लग बसवतो, फार तर सॉकेटही बदलतो. काही महिन्यांनी, बहुतेकदा पुढच्या थंडीत, पुन्हा तेच. गीझरच्या बाबतीत ही तक्रार जास्त दिसते, कारण इतका मोठा करंट इतका वेळ सलग घेणारी उपकरणं घरात मोजकीच असतात. उन्हाळाभर तो बंद असतो, पावसाळ्यात बाथरूमलगतच्या बोर्डातल्या पितळेवर दमटपणाचा थर चढतो, आणि थंडीत नळाचं पाणी गार झालं की तोच गीझर रोज सकाळी जास्त वेळ चालतो.

'प्लग हलका होता', 'गीझर जास्त करंट खेचतो', 'लाइटचं व्होल्टेज वाढलं असेल' अशी कारणं यावर सांगितली जातात. यातलं एखादं खरं असूही शकतं, पण मोजल्याशिवाय ते कळत नाही. मोजायला एक मल्टिमीटर आणि दहावीत शिकलेली दोन सूत्रं पुरतात: व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहममधला रोध, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती सूत्रात कुठलं व्होल्टेज घालायचं यात, आणि त्या एका चुकीमुळे जळणारी जागा वर्षानुवर्षं सापडत नाही.

आधी गीझरचा स्वतःचा हिशेब

गीझरच्या पाटीवर समजा २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलंय. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण २६.४ ओहम. हा त्याच्या एलिमेंटचा रोध. हीच गोष्ट थेट काढायची तर २३० चा वर्ग, ५२,९००, त्याला वॅटने भागायचं. १५०० वॅटला ३५.३ ओहम येतात, ३००० वॅटला १७.६.

हे तपासणं सगळ्यांत सोपं आणि सुरक्षित आहे, कारण प्लग बाहेर काढूनच ते करायचं असतं. गीझरमधलं गरम पाणी सोडून द्या, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा गीझरमधला स्विच) चालू स्थितीत येईल. प्लग उपसा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांना प्रोब लावा. २००० वॅटच्या गीझरला २५ ते २९ ओहमच्या दरम्यान आकडा आला तर एलिमेंट ठीक आहे. काहीच आकडा आला नाही तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत आहे किंवा एलिमेंट गेलंय. बारीक पिन आणि मोठी अर्थिंगची पिन यांच्यात मात्र काहीच दिसता कामा नये. तिथे काही किलोओहम दिसले तरी एलिमेंटमध्ये पाणी शिरलंय असं समजा आणि तो गीझर दुरुस्तीपर्यंत लावू नका.

एलिमेंटची नायक्रोम तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून थंड असताना घेतलेला आकडा चालतो. जुन्या पिवळ्या बल्बला हे लागू नाही. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, पण थंड असताना मीटर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो. तेव्हा बल्ब मोजून वॅट काढायच्या फंदात पडू नका.

इथे एक कारण पटकन सापडून जातं. अनेक घरांत जुना १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर काढून त्याच पॉइंटवर ३ लिटरचा इन्स्टंट गीझर लावलेला असतो. टाकी लहान म्हणून तो कमी वीज घेत असेल असं वाटतं, पण हे इन्स्टंट गीझर सहसा ३००० वॅटचे असतात. म्हणजे करंट ८.७ वरून १३ अँपिअरवर जातो. सांध्यातली, म्हणजे पिन पट्टीला किंवा वायर स्क्रूला जिथे टेकते तिथली, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे करंट दीडपट झाला की प्लगमध्ये तयार होणारी उष्णता सव्वादोनपट होते. जो थोडासा ढिला सांधा जुन्या गीझरने दहा वर्षं खपवून घेतला, तोच नव्या गीझरने एका हिवाळ्यात जळतो. अशा वेळी दोष नव्या गीझरचा नसतो, पण तो उघडा मात्र त्यानेच पाडलेला असतो.

एमसीबी का पडत नाही

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो योग्यच आहे. प्लग वितळेपर्यंत एमसीबी गप्प कसा?

एमसीबी करंट जास्त झाला तर पडतो. ढिल्या सांध्यामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. हिशेब करून पाहा. एलिमेंट २६.४५ ओहमचं, आणि त्याच्या वाटेत कुठेतरी अर्ध्या ओहमचा खराब सांधा. एकूण २६.९५ ओहम. २३० व्होल्टला ८.५३ अँपिअर. सांधा चांगला होता तेव्हा ८.७ होते. १६ अँपिअरच्या एमसीबीला यात वावगं काहीच दिसत नाही. आरसीसीबीचंही तसंच. तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही एवढंच बघतो, आणि इथे तर सगळाच्या सगळा परत येतो.

पण त्या अर्ध्या ओहमच्या सांध्यावर काय चाललंय? ८.५३ अँपिअर गुणिले ०.५ ओहम म्हणजे ४.२७ व्होल्ट तिथे पडतात. ४.२७ गुणिले ८.५३ म्हणजे ३६ वॅट. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं. इथे त्याहून जास्त उष्णता बंद प्लगच्या आत, एका स्क्रूखाली तयार होते. घरातल्या वायरचं नेहमीचं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत वापरण्यासाठी बनवलेलं असतं. ते कडक होतं, तडकतं, मग काळं पडतं.

आणि हे स्वतःला वाढवत नेणारं दुखणं आहे. तापलेल्या पितळेवर आणि तांब्यावर ऑक्साइडचा थर येतो, त्याने रोध वाढतो. सॉकेटच्या आतली पिन धरणारी पितळी पट्टी तापून आपला ताण गमावते, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो. गीझर चालू-बंद होताना धातू रोज प्रसरण-आकुंचन पावतो, स्क्रू आणखी ढिला होतो. म्हणून फक्त प्लग बदलणं म्हणजे पुढच्या जळण्याची तयारी करणं. नवा प्लग त्याच सैल पट्टीत बसतो आणि त्याच्या नव्या कोऱ्या पिना काही आठवड्यांत काळ्या होतात.

कोणाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज?

आता ती चूक. सांध्याचा रोध ०.५ ओहम आहे असं कळल्यावर बरेच जण सूत्र लावतात: वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, २३० चा वर्ग भागिले ०.५, उत्तर १,०५,८०० वॅट. इतक्या पॉवरने बोर्ड एका क्षणात उडून गेला असता. उत्तर अशक्य आहे हे दिसतं, मग माणूस म्हणतो की सूत्र घरच्या वायरिंगला लागू होत नसेल, आणि मोजणंच सोडून देतो.

सूत्र लागू होतं. पण त्यातलं व्होल्टेज त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं हवं, जिचा रोध किंवा वॅट आपण काढतोय. २३० व्होल्ट हे अख्ख्या वाटेच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आहे. त्यातले २२५-२२६ एलिमेंटवर पडतात आणि जेमतेम सव्वाचार सांध्यावर. सांध्याचे वॅट हवेत तर सव्वाचार घ्यायचे. ४.२७ चा वर्ग भागिले ०.५ केलं की तेच ३६ वॅट येतात. करंट मात्र सगळीकडे सारखाच, कारण एमसीबी, वायर, स्विच, सॉकेट, प्लग, एलिमेंट हे सगळे एकाच माळेत आहेत.

जॉर्ज सिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: तारेच्या ज्या तुकड्याबद्दल बोलताय, त्याच्या टोकांमधला व्होल्ट आणि त्यातूनच जाणारा करंट. घरातल्या दुरुस्तीत नियमाचा हा 'त्याच्याच' भाग हरवतो.

दुसरी अडचण मीटरची. सांधा थेट ओहमवर मोजला तर? वायरमन बहुतेकदा तेच करतात. दोन्हीकडे प्रोब लावून 'टीं' असा आवाज आला की 'कंटिन्यूटी आहे' म्हणतात. पण मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम भरू शकतो, म्हणजे आपण जे शोधतोय त्याच्याच तोडीचा. शिवाय ओहमवर असताना मीटर अगदी क्षीण करंट सोडतो, बहुधा एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी. एका धाग्यावर टेकलेला सांधाही तेवढा करंट आरामात नेतो. आठ अँपिअर गेल्यावर त्याची लायकी कळते. म्हणून सांधा चालू लोडवरच, म्हणजे गीझर चालू असतानाच, मोजायला हवा, आणि तोही व्होल्टमध्ये.

बोर्ड न उघडता मोजायची पद्धत

हे २३० व्होल्टचं काम आहे. मल्टिमीटर ६०० व्होल्ट कॅट तीन (CAT III) सुरक्षा दर्जाचा असावा, प्रोबचं आवरण शाबूत असावं, हात आणि जमीन कोरडी असावी, पायात रबरी चप्पल असावी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लाल प्रोब व्होल्टच्या भोकातच आहे ना ते दर वेळी पाहा. तो दहा अँपिअरच्या भोकात राहिला आणि तुम्ही सॉकेटमध्ये प्रोब घातले, तर मीटर सरळ शॉर्ट करतो. त्याच कारणाने, करंट मोजण्यासाठी मल्टिमीटर गीझरच्या वाटेत जोडायचा विचार करू नका.

सॉकेटला शटर असेल तर प्रोब आत जात नाहीत. स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उघडू नका. दुकानात थेट सॉकेटमध्ये बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. या कामाला तो जास्त सुरक्षित आहे, आणि दोन मिळाले तर फारच सोय.

लागतात दोन जागा. पहिली जागा म्हणजे गीझरच्याच लाइनवरचं शेजारचं सॉकेट. ते त्याच लाइनवर आहे का हे कळायला गीझरचा एमसीबी पाडा. ते सॉकेटही बंद झालं तर आहे. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या एमसीबीवरचं, हॉलमधलं किंवा बेडरूममधलं कुठलंही सॉकेट, ज्या लाइनवर त्या वेळी काहीच चालू नाही. या दुसऱ्या जागेचं महत्त्व लक्षात घ्या. त्या लाइनमधून करंट जात नसेल तर तिच्या वायरमध्ये व्होल्टेज पडतच नाही, म्हणजे तिथे दिसणारा आकडा हा थेट मेन बोर्डावरचा आकडा असतो. मेन बोर्डाचं झाकण उघडायची गरज राहत नाही. घरात थ्री फेज असेल तर दोन्ही जागा एकाच फेजवर असाव्यात.

आता गीझर बंद ठेवून दोन्हीकडचे आकडे घ्या. समजा दोन्हीकडे २३१. गीझर चालू करा, गरम होत असल्याचा दिवा पेटलाय याची खात्री करा, कारण थर्मोस्टॅट बंद स्थितीत असेल तर करंट शून्य आणि सगळा खटाटोप वाया. आता हॉलमध्ये २२९ आणि गीझरच्या लाइनवर २२३ आले असं धरू.

२३१ चे २२९ झाले, म्हणजे दोन व्होल्ट मेन बोर्डाच्या आधी, बाहेरून येणाऱ्या वायरीत पडले. उरलेले २२९ उणे २२३, म्हणजे सहा व्होल्ट, मेन बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंतच्या तुमच्याच लाइनमध्ये. बाहेरचं व्होल्टेज सकाळच्या वेळी एकसारखं हलत असतं, तेव्हा गीझर बंद असतानाच्या आकड्यावर फार विसंबू नका. दोन्ही जागांमधला एकाच वेळचा फरक भरवशाचा, कारण बाहेर काहीही हललं तरी ते दोन्हीकडे सारखंच हलतं. दोन-चार वेळा चालू-बंद करून फरक तोच येतो का पाहा.

करंट किती? क्लॅम्प मीटर असेल तर फक्त फेजची किंवा फक्त न्यूट्रलची एकटी वायर त्याच्या जबड्यात घ्यायची. दोन्ही एकत्र घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. क्लॅम्प मीटर नसेल तर विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा वापरा. मीटरवर लिहिलेलं असतं, समजा एका युनिटला ३२०० लुकलुक. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, फक्त गीझर चालू ठेवा आणि एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा. १०३ भरल्या तर १०३ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे १.९३ किलोवॅट. त्याला मेन बोर्डावरच्या २२९ व्होल्टने भागलं की ८.४ अँपिअर. मला ही पद्धत क्लॅम्प मीटरपेक्षाही आवडते, कारण एकाही उघड्या वायरीला हात लागत नाही.

आता तुमच्या लाइनचा रोध: ६ भागिले ८.४, म्हणजे ०.७१ ओहम. आणि त्यात जळणारी पॉवर: ६ गुणिले ८.४, म्हणजे ५० वॅट.

५० वॅट कुठे जळतायत

यातला काही भाग वायरचा आहे, आणि तो असणारच. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. मेन बोर्डापासून बाथरूमपर्यंत वायर १५ मीटर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.२१ ओहम. ८.४ अँपिअरला १.८ व्होल्ट. सहामधून १.८ गेले, ४.२ व्होल्ट उरले. ४.२ भागिले ८.४ म्हणजे बरोबर अर्धा ओहम, आणि ४.२ गुणिले ८.४ म्हणजे ३५ वॅट. हे ३५ वॅट वायरचे नाहीत. ते कुठल्यातरी एका किंवा दोन सांध्यांत आहेत.

पण तीच लाइन कुणी १ चौरस मिलिमीटर वायरने ओढली असेल तर? मग मीटरला ०.०१७५ ओहम, ३० मीटरला ०.५२५ ओहम, ४.४ व्होल्ट आणि ३७ वॅट. आकडा जवळजवळ तोच, पण इथे ते ३७ वॅट तीस मीटरभर पसरलेत, दर मीटरला सव्वा वॅट. वायर कोमट होईल. पहिल्या उदाहरणात तेवढेच वॅट हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडलेत, आणि तिथे प्लास्टिक पेटू शकतं. व्होल्टमीटर या दोघांत फरक करू शकत नाही. म्हणून वायरची जाडी आणि लांबी माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. गीझरला १ चौरस मिलिमीटर वायर योग्यच नाही, ती बदलायलाच हवी, पण प्लग जळण्याचं कारण ती असेलच असं नाही. लाइन अॅल्युमिनियमची असेल, जुन्या इमारतींत ती अजून सापडते, तर त्याच जाडीला रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त धरा आणि तांबं-अॅल्युमिनियम जिथे नुसतं पिळून जोडलंय त्या जागेवर पहिला संशय घ्या.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती बऱ्याच वेळा निघते. फरक दोन व्होल्टच आला, म्हणजे लाइन चांगली आहे, तरीही प्लग जळतो. मग दोष आपण मोजलेल्या भागाच्या पुढे आहे: गीझरचं सॉकेट, त्याचा स्विच, प्लगच्या पिना, किंवा प्लगच्या आतले स्क्रू. इथे हातच सर्वांत चांगलं मोजमाप देतो. गीझर दहा मिनिटं चालवा. एमसीबी पाडा, लाइन बंद झाल्याची खात्री करा, मग प्लग उपसून दोन्ही बारीक पिनांना उलट्या बोटाने हलकेच स्पर्श करून पाहा. दोन्हींतून करंट सारखाच गेलेला असतो. एक कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल, तर चटका देणाऱ्या बाजूची पकड गेलीय. पिना गार पण प्लगचं बूड तापलेलं, तर आतला स्क्रू. स्विचची पट्टी तापलेली, तर स्विच. गीझरच्या पॉइंटला ६ अँपिअरचा दिव्याचा स्विच लावलेला मी पाहिलाय, तेव्हा त्यावरचा आकडाही वाचा. आणि केबल सगळीकडून सारखीच गरम लागली, तर ती बारीक आहे.

शेजारी त्याच लाइनवरचं सॉकेटच नसेल, तर सॉकेटच्या मागच्या बाजूने चालू लोडवर मोजावं लागतं. ते वायरमननेच करावं. त्याला एवढंच सांगा: 'लोड चालू ठेवून एमसीबीच्या खालच्या टोकापासून सॉकेटच्या फेजपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघा, न्यूट्रलचंही तसंच बघा.' एकाच वायरच्या दोन टोकांमध्ये एका व्होल्टच्या आसपास यायला हवं. तीन-चार आले तर त्या बाजूचा सांधा सापडला. न्यूट्रलची बाजू हमखास विसरली जाते. टेस्टर तिथे पेटत नाही म्हणून तिला कुणी विचारत नाही, पण करंट तिच्यातूनही तेवढाच जातो आणि ती तितकीच जळते.

दुरुस्ती

प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदला. १६ अँपिअरचे, आयएसआय मार्कचे, भरीव पितळी पिनांचे. पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिना सॉकेटमध्ये नीट टेकत नाहीत. सहा आणि सोळा दोन्हींचे प्लग घेणारं सॉकेट गीझरला नको, कन्व्हर्टर तर मुळीच नको. कन्व्हर्टर म्हणजे वाटेत आणखी दोन जोडी सांधे.

जळलेलं वायरचं टोक तसंच नव्या स्क्रूखाली घालू नका. लालसर चमकणारं तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा. आवरण कडक झालेला भागही काढून टाका. सगळे धागे स्क्रूखाली गेले पाहिजेत. भोक लहान म्हणून चार-पाच धागे कापून टाकण्याची सवय फार वाईट, कारण तिथे वायर बारीक होते आणि नेमकी तिथेच तापते. धाग्यांना कथील लावून स्क्रूखाली दाबणंही टाळा. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. वायरच्या टोकावर तांब्याची थिंबळ (टोपीसारखी नळी) दाबून बसवली तर उत्तम.

माझं मत विचाराल तर कायम भिंतीवर असणाऱ्या गीझरला प्लगची गरजच नाही. २० अँपिअरच्या डीपी (डबल पोल) स्विचवरून वायर थेट गीझरला नेली की पिना आणि पट्टी हा सगळा कमकुवत भाग वाटेतून जातो, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. लाइन नव्याने ओढायचीच असेल तर ४ चौरस मिलिमीटरची ओढा.

काम झालं की त्याच दोन जागी, तोच गीझर चालू ठेवून, फरक पुन्हा मोजा. वरच्या उदाहरणात तो सहावरून दोन व्होल्टच्या आसपास यायला हवा. पाचच राहिला तर जळणारा सांधा अजून आत कुठेतरी आहे, जंक्शन बॉक्समध्ये किंवा एमसीबीच्या स्क्रूखाली, आणि वायरमनला पैसे देण्याआधी तो शोधून घ्या. महिन्याभराने लाइन बंद करून स्क्रू एकदा परत आवळा.

याचा एक फायदा रोजच्या आंघोळीतही दिसतो. गीझरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २६.४५ ओहमचं एलिमेंट २३० व्होल्टला २००० वॅट देतं, पण २०० व्होल्टला १५१२ वॅटच. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला पहिल्या स्थितीत २१ मिनिटं लागतात, दुसऱ्या स्थितीत २८. 'गीझर पूर्वीसारखा तापत नाही' ही तक्रार एलिमेंटवर क्षार चढल्यामुळे असते असं मानून लोक ते बदलतात. त्याआधी गीझर चालू असताना व्होल्टेज बघा.

हाच हिशेब इस्त्रीला आणि रॉडला जसाच्या तसा चालतो. पंप, फ्रिज, एसी यांना चालत नाही. मोटरच्या व्होल्टला अँपिअरने भागून आलेला आकडा तिच्या गुंडाळीचा रोध नसतो, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर हे तिचे खरे वॅटही नसतात, कारण तिथे व्होल्ट आणि करंट एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, म्हणजे पॉवर फॅक्टर येतो. पण मोटरच्या वाटेतल्या सांध्यावर किती व्होल्ट पडतात ते मोजून सांधा किती तापतोय हे मात्र तिथेही काढता येतं.

हॉलमधला आकडाच कोसळत असेल तर

वरच्या मोजणीत हॉलमधलं व्होल्टेज दोन व्होल्टने उतरलं. एकट्या गीझरने ते २३१ वरून २१९ वर आलं, तर १२ व्होल्ट गुणिले ८.३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ १०० वॅट तुमच्या मेन बोर्डाच्या आधी जळतायत: मेन स्विचमध्ये, मीटरच्या टर्मिनलमध्ये, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये किंवा इमारतीच्या पॅनेलमध्ये. सर्व्हिस वायर खूप लांबून येत असेल तर काही भाग तिचा, पण इमारतीत राहणाऱ्याला हे कारण लागू नाही. मेन स्विचपर्यंतचं वायरमन पाहील. मीटर आणि त्याच्या पलीकडचं सील तोडून कुणालाही उघडू देऊ नका, वीज कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीत दोन्ही आकडे लिहा: गीझर बंद असताना किती, चालू असताना किती. 'व्होल्टेज कमी येतं' यापेक्षा 'सव्वाआठ अँपिअरला बारा व्होल्ट पडतात' हे वाचून लाइनमनला कुठे बघायचं ते कळतं.

थ्री फेज घरात गीझर लावल्यावर दुसऱ्या खोलीतले दिवे जास्त उजळले, किंवा तिथल्या सॉकेटवर २५० च्या वर आकडा गेला, तर समाईक न्यूट्रल सुटत चाललाय. मग पुढचं काही मोजत बसू नका. मेन स्विच लगेच पाडा, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढा आणि न्यूट्रलचा सांधा दुरुस्त होईपर्यंत मेन चालू करू नका, कारण तो पूर्ण तुटला तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात.